पाडव्याचे आभार

आभार मानण्याच्या बाबतीत माझ्या साडूंइतका उतावळा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसेल. सभेत आभारप्रदर्शन कार्यक्रम आटोपल्यावर होतं, साडूभाऊंचं कार्यक्रमाच्या आधी व्हायचं. दर दिवाळी पाडव्याला सकाळी ते ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, घेऊन खोपटहून डोंबिवलीला आमच्याकडे यायचे, दोन चकल्या खायचे, रुमालाला हात पुसायचे आणि अजून न घडलेल्या गोष्टींबद्दल आमचे आभार मानायचे. पहिल्यांदा मला म्हणाले, ‘खडवलीला स्कूटर बंद पडली तेव्हा टेम्पो घेऊन आलास, आभारी आहे रे.’ मी जन्मात खडवलीला गेलो नव्हतो. त्यांची पाठ वळल्यावर आम्ही पोटभर हसलो. संक्रांतीच्या सुमारास त्यांचा फोन आला, मी चिडचिड करत टेम्पो ठरवला, आणि टिटवाळा मागे पडल्यावर सगळं एकदम आठवून अंगावर सर्रकन काटा आला.

पुढच्या पाडव्याला नंबर बायकोचा. ‘अगं, हिच्या ऑपरेशनला रक्त दिलंस, विसरणार नाही.’ ताई तर समोर धडधाकट बसून करंजी खात होत्या. होळीच्या आत ऑपरेशन झालं आणि रक्तही द्यावं लागलं. तेव्हापासून बायकोने पाडव्याची धास्तीच घेतली. साडूभाऊंनी तोंड उघडलं की ती त्यात बेसनाचा लाडू कोंबायची, तेवढीच दोन मिनिटं शांतता. हे तुम्हाला कळतं कसं, असं मी विचारलं तर तेच गोंधळले. म्हणाले, ‘कळतं कुठे रे? मला वाटतं झालंच आहे, आणि आभार तेवढे राहिलेत.’

गेल्या वर्षी पाडव्याला ताई स्वयंपाकघरात बायकोशी हसत बोलत होत्या. साडूभाऊंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार होते. ‘माझ्यामागे हिला एकटं पडू दिलं नाहीस. दर रविवारी येत राहिलास.’

मी हात सोडवून घेतले. ‘मी येणार नाही. एकाही रविवारी येणार नाही. परत घ्या ते आभार!’

ते हसले. ‘तू असं चिडलेलासुद्धा आठवतंय मला.’

मी हट्टाला पेटलो. आपण खोपटला गेलोच नाही तर पुढचं घडणार कसं, असा माझा अजब हिशोब. रविवारी त्यांचा फोन आला की कधी सर्दी, कधी सोसायटीची मीटिंग. साडूभाऊ श्रावणात गेले, एका साध्या बुधवारी, चहा पिता पिता.

आता मी दर रविवारी ताईंकडे जातो. यंदा त्यांच्या घरी तळण नव्हतं, म्हणून पाडव्याला फराळ आम्हीच नेला. चहा ओतताना ताई म्हणाल्या, ‘रविवारी ते दार उघडं टाकून बसायचे हो. मी म्हणायचे, तो काही येत नाही, लावून घ्या. तर म्हणायचे, मला काही होऊ नये म्हणून येत नाही गं तो. फार जीव आहे त्याचा माझ्यावर.’

म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि तरी ते दर रविवारी वाट बघत बसले होते. मी कप खाली ठेवला. फोटोपुढे ताट ठेवताना मी त्यांचे आभार मानले. फार उशीर झाला होता.