आल्झो मामांची बाजू

जून २००६, रविवार दुपार, जर्मनीतलं डार्मश्टाट, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, नवरा मिलिंद, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, बारावीतली आमची मुलगी मुक्ता आणि आल्झो मामा. विषय एकच. मुक्ताला केमिस्ट्रीत पंधरापैकी पाच पॉइंट मिळाले होते, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं.

मामा आमच्यापैकी कुणाचेच सख्खे मामा नव्हते. तरुणपणी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आले, एकटेच राहिले, आणि हळूहळू गावातल्या सगळ्या मराठी घरांचे मामा झाले. बोलायला सुरुवात करताना जर्मन लोकांसारखं ‘आल्झो’ म्हणायचे, म्हणजे आपलं ‘तर मग’. त्यावरून नाव पडलं. खरी गंमत मात्र आल्झोच्या पुढे सुरू व्हायची. खोलीतले सगळे ज्या मताचे असतील त्याच्या बरोबर उलटं मत मामा मांडत. एखादी बाजू रिकामी राहिलेली त्यांना बघवत नसे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दारावर चिठ्ठी चिकटवून फोडणीच्या वासाची तक्रार केली, तेव्हा आम्ही चार घरं जमून त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. मामा म्हणाले, “आल्झो. त्या बाईंनी लसूण मागितला नव्हता.” पुढे अर्धा तास त्यांनी आजीबाईंचं वकीलपत्र घेतलं. त्यांचे पडदे, त्यांचं म्हातारपण, त्यांची बंद न होणारी खिडकी. शेवटी आम्हाला इतकं वाईट वाटलं की मी डबाभर करंज्या घेऊन वर जायला निघाले. त्यावर मामा म्हणाले की तक्रार करायची तर आधी दार वाजवून बोलायला नको का, चिठ्ठी चिकटवणं ही काय पद्धत झाली?

गणपतीच्या हॉलचंही तेच. सगळे नव्या हॉलच्या बाजूचे झाले की मामा जुन्याचे. त्यांनी सगळ्यांना जुन्याकडे वळवलं की मामा नव्याचे. मंडळाच्या खजिनदारानं त्यांना बैठकीची वेळ मुद्दाम तासभर उशिराची कळवून पाहिली. मामा आले, ठराव ऐकला आणि म्हणाले, “आल्झो.”

ही सवय त्यांना कामानं लावली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत चार डोळ्यांचा नियम होता. एकानं तपासलेली गोष्ट दुसऱ्यानं तपासल्याशिवाय औषध बाहेर जायचं नाही. मामा कितीतरी वर्षं ते दुसरे होते. “दुसऱ्याला मान डोलवायचा पगार मिळत नाही,” असं ते म्हणत. जेवताना मात्र त्यांची पूर्ण शांतता असे. तोंडात घास असताना त्यांनी कधी कुठलीच बाजू घेतली नाही, त्यामुळे महत्त्वाचे निर्णय आम्ही शक्यतो ताटावर उरकून घ्यायचो.

तर, पाच पॉइंट. सासूबाईंनी विचारलं, “शंभरात किती होतात?” मिलिंद म्हणाला, तेहतीस. “म्हणजे आमच्याकडे नापास,” त्या म्हणाल्या. मग देऊ दे की परत, मेडिकलसाठी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बारावी परत देतात, त्यात लाजायचं काय? मिलिंदचंही तेच, माझंही तेच. एकच विषय आहे, इम्प्रूव्हमेंटला बसायचं आणि मोकळं व्हायचं.

मुक्तानं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं. इथे एक विषय परत देता येत नाही, अख्खं वर्ष परत करावं लागतं. त्या वर्षाचे जुने सगळे पॉइंट रद्द होतात. केमिस्ट्रीचे पाच जातील, तसे बायोलॉजीचे चौदाही जातील. पाच का आले तेही तिनं सांगितलं. शाळेच्या प्रथमोपचार पथकात ती होती. केमिस्ट्रीच्या तासाला खाली मैदानात कुठल्यातरी वर्गाचा खेळाचा तास असे. कुणीतरी पडे, आणि ही पट्ट्यांची पेटी घेऊन पळे.

तरीही आम्ही तिघं परत करण्याच्याच बाजूला होतो. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

“आल्झो. पाच फेकायला निघालात, पण त्याच पिशवीत चौदाही आहेत. ते पुढच्या वर्षी परत येतील, अशी कुणी हमी दिलीय?”

आठवडाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही. दुसरा रस्ता असा होता की आहेत त्या पॉइंटांवर पुढे तेरावीत, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षात, जायचं आणि मग मेडिकलच्या रांगेत थांबायचं. इथे थांबलेल्या सेमिस्टरांनाही प्रवेशाच्या वेळी किंमत असते. तेवढ्या काळात हॉस्पिटलात काम करता येतं. फक्त ही रांग काही वर्षांची होती. मी दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून फ्रिजवर लावले. शुक्रवारपर्यंत आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला आलो होतो, सासूबाईसुद्धा. मैत्रिणी पुढे जातील आणि पोर खट्टू होईल, हा त्यांचा मुद्दा होता.

पुढच्या रविवारी मी क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड केलं होतं. मामांनी वाटी निपटून पुसली, आमचा निर्णय ऐकला आणि सुरू झाले. ज्या विषयात पाच आहेत तोच विषय मेडिकलच्या पहिल्या सेमिस्टरला दारात उभा असतो. आज त्याला चुकवलंत तर तो तिथे गाठेल.

“अहो भाऊ, तुम्ही नक्की कुणाकडून?” सासूबाईंनी विचारलं.

“ताई, परत करायच्या बाजूला आज कुणीच नाही.”

“मागच्या रविवारी आम्ही सगळे तिथेच तर होतो.”

“मग उठलात कशाला?”

मला हसू आलं, पण मिलिंद भडकला. “मामा, हा गणपतीचा हॉल नाही. पोरीचं वर्ष आहे.”

मामांनी रिकामी वाटी बाजूला सरकवली. शाळेला त्याच आठवड्यात कळवायचं होतं, आणि आम्ही चौघं मोठी माणसं दोन्ही बाजूंनी फिरून दमलो होतो. तेव्हा मुक्ता बोलली, आणि चक्क मराठीत.

“मामा, तुम्हाला काय वाटतं?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते आल्झो म्हणाले नाहीत. चष्मा काढून हातात धरला.

“पाच का आले ते तू सांगितलंस. ते बरोबर दिले होते का?”

मुक्ता म्हणाली, “नाही. मला बफर सोल्युशन अजून कळलेलं नाही. बाईंनी दयेनं पाच दिले.”

“मग?”

“मग मी वर्ष परत करते. हे कळल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.”

“आता याच्या विरुद्ध बोल.”

ती बोलली. जर्मनमध्ये, भराभर. मैत्रिणी सुटणार, बायोलॉजीचे चौदा जाणार, सगळ्यांहून एक वर्षानं मोठी होऊन वर्गात बसणार. बोलता बोलता तिचे डोळे भरले.

“तरी?” मामांनी विचारलं.

“तरी.”

पुढची दोन वर्षं मामांनी तिला दर रविवारी केमिस्ट्री शिकवली. त्यांची पद्धत ठरलेली होती. ते ठामपणे चुकीचं उत्तर सांगायचे आणि तिनं त्यांना हरवायचं. ती हरवायला शिकली. केमिस्ट्रीचे बारा झाले. बायोलॉजीला नवे शिक्षक आले आणि चौदाचे अकरा झाले. मिलिंदनं सगळं जोडून पाहिलं तर सरासरी जेमतेम हलली होती. २००८च्या ऑक्टोबरात, वर्ग सुरू झाल्यावर, कुणीतरी सोडलेली मेडिकलची जागा तिला आखन शहरात मिळाली. तिची मैत्रीण काट्रिन, केमिस्ट्रीत सहावाली, वर्ष परत न करता तिच्या आधी वर्षभर मेडिकलला पोचली होती. पण पहिल्या सेमिस्टरची केमिस्ट्री मुक्ता एका झटक्यात पास झाली, आणि काट्रिनला तीच परीक्षा तीनदा द्यावी लागली.

त्याच हिवाळ्यात मामा निवृत्त होऊन कोल्हापूरला बहिणीकडे निघाले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर आम्ही सगळे म्हणत होतो, बरं झालं, आपल्या माणसांत राहाल. सुरक्षातपासणीच्या रांगेपर्यंत मामा जर्मनीतच राहण्याचे फायदे सांगत होते. पेन्शन, ब्रेड, वेळेवर येणारी ट्राम. शेवटी मी म्हटलं, “मग राहा ना, मामा.”

“आल्झो,” ते म्हणाले, “ताई तिथे एकटी आहे.” आणि आत गेले.

वर्षभरानं त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या.

त्या नाताळात मुक्ता घरी आली होती. जेवणं झाली आणि विषय निघाला, ते वर्ष परत केलं ते बरोबर केलं का? मुक्ता म्हणाली, बरोबर. मिलिंद म्हणाला, अगदी बरोबर. सांगलीहून फोनवर सासूबाई म्हणाल्या, मी तर पहिल्यापासून हेच सांगत होते. मीही हो म्हटलं.

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, आणि ते काम मी माझ्या अंगावर घेतलं आहे. मुद्दे पाठ आहेत: गेलेलं वर्ष, तीन पॉइंटांचं नुकसान, काट्रिन. मुक्ता घरी आली की मी बोलायचं ठरवते, तिच्यासमोर बसते, आणि आणखी भात वाढू का एवढंच विचारते. काम अजून बाकी आहे.