तिरोड्याची जमादारीण

१९४३च्या आषाढात तिरोड्यात मुन्नालाल सेठच्या बिडी कारखान्यातल्या दीडशे चटयांपैकी नव्वद रिकाम्या पडल्या. लांबच लांब कौलारू पडवी, भिजवलेल्या तेंदूपत्त्याचा तुरट वास, आणि भिंतीकडेला उलटी ठेवलेली सुपं. फौजेसाठी बिड्यांची मागणी वाढली होती. नागपूरहून व्यापाऱ्यांच्या तारा येत होत्या, आणि इथे बिड्या वळायला बाया नव्हत्या.

बाया गेल्या कुठे, हे उघडच होतं. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला होता. दरवर्षी लागतो. पण त्या वर्षी सेठ भडकला. त्याने मुनीम शालीकरामला सगळ्यांसमोर हुकूम दिला, "आठ दिन से जो नहीं आई, उसका नाम काट दो. सीधी बात."

शालीकरामने हजेरीचं रजिस्टर उघडलं. तेवढ्यात चौथ्या ओळीतली एक बाई मांडीवरचं सूप खाली ठेवून उठली.

"सेठजी, नावं कापू नोका."

"तो क्या मैं अकेला बैठके बिड़ी बनाऊँ?"

"तुमच्यानं नाई होनार थे," ती म्हणाली. बसलेल्या साठ बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सेठलाही हसू आवरेना. तिने तो क्षण सोडला नाही. "मले तीन दिस द्या. मी गावोगाव जातो, बायाईले इचारतो. मंग कापाचीच असंन तं पयलं माहं नाव कापा."

तिचं नाव धुरपता. वय चाळिशीला टेकलेलं, उंच, हाडापेराने मजबूत. चोरखमाऱ्याकडच्या एका खेड्यातली. नवरा बकाराम ठेक्याने घेतलेल्या चार बांध्या, धानाचे चार तुकडे, कसायचा, आणि ती रोज कोसभर चालून कारखान्यात यायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण माणूस एकदा पाहिलं की ती विसरत नसे. अठराव्या वर्षी ती एका तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, माती टाकायला गेली होती. तिथे एक बाई घमेलं भरायची, दुसरी वाहायची. जोडी जमली नाही तर दुपारपर्यंत दोघीही थकून बसायच्या. धुरपता मुकादमाला न विचारता जोड्या बदलायची, कोण कोणासोबत नेटाने काम करते ते तिला दिसायचं. मुकादमाने आधी शिव्या दिल्या, मग पाळ भराभर चढताना पाहून तो गप्प बसला.

सेठने तीन दिवस दिले. त्या संध्याकाळी बकाराम म्हणाला, "सेठचा कारखाना, सेठची चिंता. तू कायले पाय तोडून राहिली?"

"पुढच्या वर्सी माहंच नाव कापलं तं?" ती म्हणाली. "आपला रोवणाई हायेच ना जी."

बकाराम तसाच झोपायला गेला. सकाळी तिच्यासाठी भाकर मात्र त्यानेच बांधून ठेवली.

पहिल्या दिवशी ती बांधीबांधीतून फिरली. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांजवळ उभी राहून विचारायची, "परत कवा येता वं?" सगळ्या एकच सांगायच्या, रोवणा झाला की. पण सांगताना कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. धुरपताला ते खटकलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारणं बंद केलं. लुगडं खोचलं, चिखलात उतरली आणि त्यांच्या रांगेत परहे, धानाची रोपं, लावू लागली. तासाभराने बाया आपणहून बोलत्या झाल्या.

एकीचं मूल अंगावर पीत होतं आणि त्याला ठेवायला कोणी नव्हतं. दुसरी म्हणाली, रोवण्याला गेलं की सेठ नाव कापणार हे ठरलेलंच, मग परत जाऊन तोंड कशाला दाखवायचं? आणि मग एकीने कंबर सरळ केली आणि मोठ्याने म्हणाली, "प्रेमिलेची बिडी खराब, तं आमची कायची चांगली?"

रांगेतल्या सगळ्या थांबल्या. धुरपताच्या हातातली परह्यांची जुडी तशीच राहिली.

प्रेमिला ही कारखान्यातली सगळ्यात चलाख हाताची पोरगी. लग्न होऊन चार वर्षं झालेली. तिची बिडी एकसारखी, तोंड नखाने असं मोडलेलं की सुटता सुटत नसे. पण बिड्या तपासणारा सुखराम आतल्या खोलीत बसून तिचे कट्टेच्या कट्टे, बांधलेल्या बिड्यांचे जुडगे, बाद करू लागला. बाद बिडीची मजुरी मिळत नाही. वैशाखात मुनिमाने जुनी बाई म्हणून धुरपतालाच विचारलं होतं, काय करायचं? आणि धुरपता म्हणाली होती, "सुखरामभाऊ वीस वर्सापासून पाहून राहिला. थो का खोटा सांगन?" त्या एका वाक्यावर प्रेमिलेचं नाव कापलं गेलं होतं.

त्या संध्याकाळी धुरपता चिखलाच्या पायांनी परत निघाली. आपण बिडी हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही, हे तिला बोचत होतं.

तिसऱ्या दिवशी ती सरळ सुखरामच्या खोलीत गेली. खोलीला खिडकी अशी नव्हतीच, भिंतीत वीतभर झरोका. सुखराम पन्नाशीचा, सज्जन, कमी बोलणारा माणूस. त्याने नुकताच एक कट्टा पास करून उजवीकडे ठेवला होता. धुरपताने तोच कट्टा उचलला, पाठीमागे नेला आणि नवीन म्हणून त्याच्या हातात दिला.

सुखरामने तो डोळ्यांजवळ नेला, फिरवला, आणि डावीकडे फेकला. "खराब हाये."

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "आतास तं हाच चांगला होता."

सुखरामचे हात मांडीवर पडले.  मग तो म्हणाला, "डोऱ्यावर सारा आला, बाई, मोतीबिंदू. दोन वर्सं झाली. सारं धुकटच दिसते. कोनाले सांगू नोको. सांगशीन तं घरी बसावं लागन."

"अन् ज्या बायाईचे कट्टे फेकले, त्या घरी बसल्या ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्द गिळलेही नाहीत. सुखराम रडायला लागला. ती तिथेच बसून राहिली. बसल्या बसल्या तिला एक गोष्ट दिसली. रडताना त्याचे हात शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पानांवर चालत होते, आणि तो सवयीने एकेक पान अंगठ्याने चाचपून वेगळं करत होता. जून पान एका बाजूला, कोवळं दुसऱ्या. न पाहता. तिने त्यातली चार पानं उजेडात नेऊन पाहिली. एकही चुकलं नव्हतं.

त्या वर्षी पानघरात, जिथे तेंदूपत्ता भिजवून मऊ करत, निम्मं पान वाया जात होतं. कोणी जास्त भिजवायचं, कोणी कमी. कधी बुरशी, कधी चिरा.

दुपारी ती सेठपुढे उभी राहिली. शालीकरामही होता. सुखरामची गोष्ट तिने लपवली नाही, प्रेमिलेबाबतची आपली चूकही नाही, कारण लपवली असती तर पुढचं काहीच सांगता आलं नसतं. सेठ ताडकन म्हणाला, "अंधा आदमी! आज ही निकालो."

"नोका काढू. पानघरात द्या. त्याच्या बोटाईले डोरे हायेत. महिनाभर पाहा, पान वाया गेलं तं मले बोला." मग तिने बाकीचं सांगितलं. बिड्या तपासायच्या त्या पडवीत, उजेडात, वळणाऱ्या बाईच्या समोर. बाद केली तर का केली ते तिला दाखवायचं. पडवीच्या टोकाला लेकरांसाठी पाळणे बांधायचे आणि एका म्हाताऱ्या बाईला तिथे कामाला ठेवायचं. आणि रोवण्याला, कापणीला दोन बायांमध्ये एक चटई. आठ दिवस एक बांधीत, दुसरी चटईवर. मग आलटून पालटून. दोघींची नावं रजिस्टरात कायम.

शालीकराम म्हणाला, "रजिस्टरात एका चटईवर दोन नावं? असं कुठे नसते."

"तं तुमी पयले," धुरपता म्हणाली.

सेठ बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिला. पाळणे मान्य. जोडी मान्य. पण तपासणी बायांसमोर? रोज भांडणं होतील, असं त्याचं म्हणणं.

"मंग मी बायाईले आनत नाई," ती म्हणाली. "जे माह्या हातात नाई, त्याचा शब्द मी कशी देऊ?"

नागपूरची आणखी एक तार टेबलावर पडली होती. सेठने ती उचलली, वाचली, खाली ठेवली. "दिवाली तक," तो म्हणाला. "दिवाली तक चला के दिखाओ. और आज से तुम जमादारीन." कारखान्यात बायांवर देखरेख करणारा जमादार पुरुषच असायचा. शालीकरामने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं. संध्याकाळ व्हायच्या आत ती प्रेमिलेच्या दारात पोचली. प्रेमिला अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही, बसा म्हटलं नाही.

"चूक माही होती," धुरपता उभ्यानेच म्हणाली. "मी न पाहता बोलली. तुह्या बिडीत खोट नव्हती."

"हे सेठले सांगतलं का?"

"सांगतलं. मुनिमापुढं."

प्रेमिला सूप हलवत राहिली. "मावशी, तुमी बोलल्या त्या दिसी मी घरी येऊन सासूच्या समोर बसून बिड्या वळल्या. मलेच वाटलं, माहे हात बिघडले." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी येनार नाई वळाले."

धुरपता जायला वळली नाही. "मंग कायले येशीन?"

आता प्रेमिलेने वर पाहिलं. "तपासाले येतो. सुखरामभाऊच्या जाग्यावर मले बसवा. कोनती बिडी चांगली थे माह्याहून जास्त कोनाले समजते?"

धुरपताला हे सुचलं नव्हतं. ती क्षणभर बघत राहिली, मग मोकळेपणी हसली. "सेठ आज दुसऱ्यांदा झिट येऊन पडन. चाल."

सेठला झिट आली नाही. पण त्याने प्रेमिलेसमोर शंभर बिड्या टाकल्या आणि स्वतः घड्याळ धरून बसला. तिने सात बिड्या वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीची खोड सांगितली. सेठ त्या एकेक पेटवून पाहू लागला. चौथीही मधेच विझली तेव्हा त्याने घड्याळ खिशात घातलं.

आठवड्याभरात साठच्या नव्वद चटया झाल्या, श्रावण संपता संपता दीडशे. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. दोन जावांची जोडी पहिल्याच अदलाबदलीला एकमेकींच्या झिंज्या धरायला उठली, कारण मोठीने तिच्या आठवड्यात धाकटीची पान कापायची कैची बोथट करून ठेवली होती. धुरपताने जोडी मोडली. धाकटीला एका अबोल म्हातारीसोबत बसवलं आणि मोठीला अशा बाईसोबत, जी तिच्याहून दुप्पट भांडकुदळ होती. मोठी आणि ती भांडकुदळ बाई पुढे घट्ट मैत्रिणी झाल्या, हे धुरपतालाही नवलाचं वाटलं. प्रेमिलेसमोर सुरुवातीला बाया हुज्जत घालायच्या. ती बिडी त्यांच्याच हातात द्यायची, "तूच पाहा, काकी." बाई पाहायची आणि पुढची बिडी नीट वळायची. सुखरामच्या पानघरात बुरशीचा वास गेला. तो आता गुणगुणत काम करायचा.

दिवाळी आली आणि गेली. सेठने मुदतीचा विषय काढला नाही, धुरपतानेही नाही.

१९४६च्या फाल्गुनात पान कमी पडलं आणि सेठने तीस बाया कमी करायला सांगितलं. धुरपताने दोन दिवस घेतले. तिने नावं निवडलीच नाहीत. सगळ्यांना पडवीत बसवून तिने पानाचा साठा दाखवला आणि पुढचे दोन महिने सगळ्यांनीच जोडीने, आलटून पालटून बसायचं का, हे विचारलं. कुरकुर झाली, दोघीतिघी रागाने उठून गेल्या. पण एकही नाव कापलं गेलं नाही, आणि नव्या पानाच्या वेळी त्या दोघीतिघीही परतल्या.

पुढच्या वर्षी, १९४७च्या ज्येष्ठात, गोंदियाच्या एका कारखानदाराचा माणूस गाडीने तिरोड्याला आला. त्यांच्याकडे बाया टिकत नव्हत्या. त्याने धुरपताला घर, दुप्पट पगार, सगळं देऊ केलं.

तिने नको म्हटलं तसं तो म्हणाला, "बाई, एवढं मोठं शहर सोडून इथं काऊन राहता?"

"माह्या चार बांध्या इथं हायेत ना," ती म्हणाली. "येतो, पन आठ दिसासाठी. आठ दिसात तुमच्यातलीच एक बाई शोधतो, तिले शिकवतो. अन् बिडी तपासाले प्रेमिला सोबत येईन."

बकाराम दारात बसून दोरी वळत होता. "अन् रोवणा?" त्याने विचारलं.

"त्याच्या आधीच येतो जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलेने आपली कैची लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं म्हणून तिने नवं लुगडं नेसलं होतं. स्टेशनवर धुरपताने त्या माणसाला विचारलं, त्यांच्या कारखान्यात तपासणी कुठे बसून होते. "आतल्या खोलीत," तो म्हणाला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि डब्यात चढल्या.