मी पास केलेली अक्का

तेहेतीस वर्षं मी शाळेत मुलांच्या कॉप्या पकडल्या. मोज्यातल्या पकडल्या, टोपीतल्या पकडल्या, एकीने वेणीत गुंडाळून आणलेलीसुद्धा पकडली. आणि निवृत्त झाल्यावर, नातवंडं खेळवायच्या वयात, मी स्वतः एका बाईला भर परीक्षेत कॉपी पुरवून पास केलं. मी तेव्हा सदुसष्टची होते, म्हणजे तशी अल्लडच. अंगात रग होती, गुडघे निम्मे का होईना चालत होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत होती. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या सदुसष्ट वर्षांच्या पोरीचा कान पिळावासा वाटतो. मी पास केलं ते आमच्या समोरच्या अक्काला, आणि विषय होता डोळे. उभ्या जळगावात अशी दुसरी बाई नसेल, जिला काही दिसत नव्हतं आणि जिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

तिचं आणि माझं घर गल्लीच्या दोन अंगांना, समोरासमोर. गच्च्याही समोरासमोर. तीस वर्षं आमचं बोलणं या गच्चीवरून त्या गच्चीवर, मधून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या डोक्यावरून चाललं. मी नुसतं "अक्का" म्हटलं की हातातलं काम टाकून ती कठड्यापाशी यायची, दोन्ही कोपरं टेकवायची आणि म्हणायची, "बोल मास्तरीन." तिचं माहेर धुळ्याकडचं, सासर इथलं. त्यामुळे तिची भाषा अर्धी तिकडची अर्धी इकडची, आणि रागावली की सगळी तिकडची. भरिताची वांगी घेताना ती एकेक वांगं कानाशी नेऊन टिचकी मारायची. भाजीवाला म्हणायचा, "अक्का, वांगं आहे, मोबाइल नाही." त्यावर ही, "जे बोलत नाही ते आतून किडकं राहतं, तुझ्यासारखं." खऱ्या मोबाइलला मात्र ती किंमत देत नसे. तो तिने स्टीलच्या डब्यात ठेवलेला असे, घंटी घुमावी म्हणून, पण पहिल्यांदा वाजला की उचलायचा नाही हा नियम. "ज्याला खरं काम शे, तो दुसऱ्यांदा करतो. एकदाच करणारे बठ्ठे रिकामटेकडे." तिच्या मुलाने सुरतेहून नोकरी लागल्याचा फोन केला होता, तोही दुसऱ्या खेपेलाच उचलला गेला.

एसटीत ती कायम ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसे आणि गाडी तीच चालवी. एकदा आम्ही दोघी तिच्या भाचीच्या लग्नाला धुळ्याला निघालो होतो. एरंडोल मागे पडलं तशी ही पुढे झुकली. "भाऊ, डाव्या हाताला खड्डा शे, हळू घ्या." ड्रायव्हर हसला. म्हणाला, "आजी, तो खड्डा जाऊन दोन वर्षं झाली. चार पदरी रस्ता झालाय, दिसत नाही का?" सगळी गाडी हसली. मीही हसले. अक्का हसली नाही. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. मी खिडकीबाहेर पाहिलं. गुळगुळीत रुंद रस्ता, मधोमध कण्हेरीची झाडं. मग तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पण कशाकडेच बघत नव्हती.

धुळ्याच्या स्टँडवर, उसाच्या रसाच्या दुकानात, तिने कबूल केलं. दोन वर्षांपासून कमी होत होतं. आता उजेड-अंधार आणि माणसाचा आकार, बस्स. बाकीचं ती मोजून करायची. ओट्यापासून दारापर्यंत सहा पावलं, जिन्याच्या चौदा पायऱ्या, गच्चीवर चुलीपासून कठड्यापर्यंत अकरा. माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखायची. "दवाखान्यात दाखव," मी म्हटलं. "दाखवलं की पोराला कळेल. पोराला कळलं की सुरत." तिथे सातव्या मजल्यावर तिच्यासाठी खोली तयार होती, पलंगासकट. "त्या खोलीत मी बसून काय करू? लिफ्टचे मजले मोजू? मास्तरीन, तुला मन्ही आण शे. कोनाला सांगायचं नाही."

आणि मी, तेहेतीस वर्षं शिस्तीचे धडे दिलेली बाई, रसाचा ग्लास हातात धरून आण घेतली. खरं सांगायचं तर मला त्यात गंमतच वाटली. म्हातारपणी कोण कुणाला गुपित सांगतं? दर सोमवारी मी तिच्याकडे जाऊन सात सुया ओवून कॅलेंडरला टोचून ठेवायची, दिवसाला एक. तिखटाच्या डब्याला रबर लावला, हळदीच्या डब्याला दोन. विजेचं बिल वाचून दाखवायची, लग्नपत्रिका वाचून दाखवायची. गल्लीत कुणी "अक्का, तुम्हाला या वयात बिनचष्म्याचं दिसतं?" म्हणालं की ती हनुवटी वर करून म्हणायची, "माले बठ्ठं दिखस!" सगळं दिसतं म्हणे, आणि मी मागे उभी राहून पदराआड हसायची. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष. हा आकडा मी पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा ऐकला, तेव्हा हसू आलं नाही.

मुलाला संशय आला तो तिने पाठवलेल्या लोणच्यामुळे. बरणी सुरतेला पोचली, उघडली, तर आत मीठच मीठ. होळीच्या आधी तो अचानक येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पण आईसमोर अजून चौथीतला. आम्ही तिघं जेवायला बसलो असताना त्याने मोबाइल पुढे केला. "आई, हा फोटो बघ. कोण कोण आहे सांग."

आमचं ठरलेलं होतं. फोटोत जितकी माणसं तितक्या वेळा मी खोकायचं. मी मान तिरकी करून पाहिलं. तो, त्याची बायको, मुलगी. तीन. मी तीनदा खोकले. आणि नेमका तेव्हाच भरितातल्या हिरव्या मिरचीचा तुकडा माझ्या घशात अडकला. चौथा आला, पाचवा आला, मी तोंडावर पदर दाबला तरी सहावा, सातवा आला. अक्काचं बोट मांडीवर हलत होतं. ती मोजत होती.

"सात जन," ती म्हणाली.

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. "आई, तिघंच आहोत."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, निम्मं मिरचीचं. अक्काने शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. "आन् मागे भिंतीवरच्या चार तसबिरी? तुझा बाप, तुझा आजा, खंडेराव, कानबाई माता. फोटोत आले म्हणजे मोजायचे नाहीत का? त्या भिंतीत खिळे मी ठोकले शेतस."

मुलाने फोन डोळ्यांजवळ नेला. खरंच चार तसबिरी होत्या. सुरतेच्या घरात ते नेहमी त्याच भिंतीपाशी फोटो काढतात हे तिला ठाऊक होतं, बाकी तिचा देव आणि तिची जीभ. पण तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही खोटं बोलणार नाही. शिक्षिका होतात. आईला नीट दिसतं ना?"

तो माझ्याकडे बघत होता, ती माझ्या आवाजाकडे कान लावून होती. मी म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

तो निर्धास्त झाला. जाताना आईसाठी गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवायला सांगून, गवंड्याला निम्मे पैसे देऊन गेला. अक्काने मला मिठी मारली. पेपर फुटलेला असूनही पहिली आल्यासारखी ती दोन दिवस गल्लीत मिरवली.

पंधरा दिवसांनी तिच्याकडे बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे वर्षाचे पापड, घालायच्या होत्या. ज्वारी भिजवून, वाळवून, जाडसर दळून, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवलेला घाटा गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा, आणि फडकं उचलून उन्हात लुगड्यावर पालथं घालायचं. गार झाला की घाटा थापत नाही, चिरतो. म्हणून चार बाया लागतात आणि कुणी थांबत नाही. अक्का यात सेनापती. तिचा हात भाजतच नसे.

आदल्या संध्याकाळी ती भजनाला गेली असताना गवंडी आले. टाकी वर ओढायची म्हणून त्यांनी गच्चीचा पूर्वेकडचा, माझ्या गच्चीसमोरचा कठडा दोन हात फोडला. जाताना मला सांगून गेले, "बाई, समोरच्या आजींना सांगा, तिकडे जाऊ नका म्हणावं. उद्या दुपारी टाकी चढवतो." मी बरं म्हटलं. पोळ्या करत होते. आणि मनात काय आलं, ते जसंच्या तसं लिहिते: सकाळी दिसेलच तिला.

मी. सुया ओवणारी मी. दीड वर्ष जगाला तिचे डोळे शाबूत आहेत म्हणून सांगता सांगता ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

सकाळी साडेसहाला मी जुनी लुगडी आणायला माझ्या गच्चीवर गेले. बाया सातला येणार होत्या, पण अक्काला धीर कुठला. समोर विटांच्या चुलीवर पातेलं वाफाळत होतं, आणि ती एकटीच दोन्ही हातांनी फडकं धरून, वर आठ बिबड्या थापलेल्या, पूर्वेकडे निघाली होती. पहिलं ऊन तिकडे येतं. कठड्याला कंबर टेकली की वळायचं आणि फडकं पालथं करायचं, ही तिची रीत. कठडा नव्हता. खाली पंधरा फूट, आणि फोडलेल्या विटांचा ढीग.

माझ्या ओठांवर "अक्का" आलं आणि मी तोंड दाबून धरलं. तीस वर्षांत माझी हाक ऐकून ती कधी मागे गेली नव्हती. ती पुढेच यायची. माझ्या हाकेने ती सरळ त्या भगदाडात आली असती.

खाली उतरून तिचा जिना चढायचा तर माझ्या गुडघ्यांना दहा मिनिटं हवीत. कमरेचा मोबाइल काढला. चष्मा खाली राहिलेला. अंदाजाने तिचं नाव दाबलं. समोर जिन्याच्या कोनाड्यात डबा घुमायला लागला. ती थबकली. सातवं पाऊल.

"वाजू दे!" ती स्वतःशीच म्हणाली आणि चालू लागली. आठ. नऊ.

घंटी संपली. दहावं पाऊल तिने टाकलं आणि कंबर पुढे केली, कठड्यासाठी. लागला नाही. एक पाय उचलून चाचपायला लागली. मी पुन्हा बटण दाबलं. बोट घामाने घसरलं, पुन्हा दाबलं. माझ्या तोंडातून कुठल्या देवाचं नाव निघत होतं ते मला ठाऊक नाही. हवेत तिचा पाय, हातात फडकं, फडक्यातून वाफ.

डबा घुमला.

पाय मागे आला. "दुसऱ्यांदा शे म्हणजे मानूस शे," असं पुटपुटत ती फडक्यासकट वळली आणि कोनाड्याशी गेली.

"अक्का, खाली बस."

"काबर व?"

"बस म्हणते ना! आहे तिथे बस!"

माझा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती बसली. तीस वर्षांत तिने माझं ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

मी कशी पोचले ते विचारू नका. तिचा हात धरून, दोघी बसत-सरकत, तिला त्या कडेपर्यंत नेलं आणि तुटलेल्या विटेवर तिचा तळवा ठेवला. तिने वीट चाचपली, मग पुढची हवा चाचपली. बराच वेळ हात तिथेच राहिला. मग म्हणाली, "मास्तरीन, घाटा गार होई राहिना."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि तिच्यासमोरच तिच्या मुलाचा नंबर लावला. तिने माझं मनगट धरलं. "तू त्याले फोन करशी तं मन्हं-तुन्हं बोलनं बंद."

"बंद तर बंद."

मुलगा पलीकडून फक्त एवढंच म्हणाला, "मावशी, तुम्ही तर म्हणाला होतात..." यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत तो आला. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. डाव्यात काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधी आणलं असतं तर हाही वाचला असता. अक्का सुरतेला गेली. गाडीत बसताना माझ्याशी बोलली नाही. मी फोन करायची, दोनदा, चारदा. तिच्या नियमाप्रमाणे मी रिकामटेकडीपेक्षाही खालची ठरले होते. समोरच्या गच्चीवर नवी टाकी आली, कठडा परत बांधला गेला आणि त्यावर कबुतरं बसायला लागली.

थंडी पडली, बाजारात भरिताची वांगी आली, तेव्हा एके दुपारी माझ्या दारात रिक्षा थांबली. ती उतरली. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात काठी नाही. चार दिवसांसाठी आली होती, घर झाडून घ्यायला. पायरीपाशी आली आणि उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी आठ महिने पाठ केलेलं एकदम म्हणून टाकलं, "अक्का, माझ्यामुळे तुझा एक डोळा गेला."

ती आणखी जवळ आली. चष्मा वर सारला, खाली आणला. माझे केस पाहिले, गाल पाहिले, गळ्यावरची कातडी बोटाने हलकेच ओढून पाहिली. मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली,

"एकाच डोळ्यानं पाहते, तं इतली म्हातारी दिखस तू. दोन्ही राहिले असते, तं मी कसं सोसलं असतं व माय?"