अमर्याद म्हणजे किती

माणसाची भूक आधी मोजून ठेवता येते, आणि ती तशी मोजल्याशिवाय घराबाहेर पडणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. ते माझे थोरले साडू. फौजेत त्यांनी चोवीस वर्षं लंगर सांभाळला, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. दोनशे पोटांत रोज किती कणीक, किती डाळ आणि किती कांदा जातो हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि नायब सुभेदार होऊन वडूजजवळच्या आपल्या गावी परतल्यावरही ती दोनशे पोटं त्यांच्या डोक्यातून उठून गेली नाहीत. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसले की ते वाढप्याचा हात धरून विचारायचे, "पानं किती व्हायची हायत? आन डाळ किती किलो शिजवलीया?" उत्तर ऐकून क्षणभर डोळे मिटायचे आणि माझ्या कानाशी येऊन सांगायचे, "साडू, तिसऱ्या पंगतीला आमटी पाण्याची हुनार. आत्ताच घ्या." तिसऱ्या पंगतीला आमटी खरोखर पाण्याची होत असे.

मी कराडशेजारी मलकापुरात राहतो. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, आणि माझं खाणं चिमणीचं. साडूंना हे माझ्यातलं एक व्यंग वाटे. पुस्तकांमुळे भूक मरते असं त्यांचं निदान होतं. आम्ही त्यांच्याकडे जायचो तेव्हा ते अंगणातूनच स्वयंपाकघरात हुकूम सोडायचे, "पावणेपाच मान्सांचा सैपाक टाक!" त्यांचा मुलगा, सून, ते स्वतः आणि माझी बायको ही चार माणसं. राहिलेला पाऊण मी. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, ते या मोजणीत धरत नसत. त्यात मन दुखावण्यासारखं काही नव्हतं. अक्का सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायच्या, आणि फौजेतही आचाऱ्यांचं राशन वेगळ्या कागदावर असतं, असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं.

प्रवासात ते बाहेरचं खात नसत. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि एक ताणकाटा असे. साताऱ्याच्या स्टँडवर एकदा मी आग्रहाने त्यांना मिसळ खायला नेलं, तर त्यांनी ताणकाट्याला पिशवी अडकवून तीत पाव ठेवले आणि मालकाला आकडा दाखवला. मालक भला माणूस होता. त्याने आणखी एक पाव आणून ठेवला आणि विचारलं, "बाबा, आता बसला का मेळ?" साडू म्हणाले, "बसला. पर तू म्हनलास म्हनून न्हवं, काटा म्हनला म्हनून."

अशा माणसाच्या बायकोला पाळण्यात बसायचं होतं. मोठ्या, आकाशाला टेकलेल्या, गोल फिरणाऱ्या पाळण्यात. नवी नवरी असताना गावच्या जत्रेत अक्का तिकिटाच्या रांगेपर्यंत गेल्या होत्या, तेव्हा सासूने दंडाला धरून मागे ओढलं होतं, "नवरा तिकडं सीमेवर, आन तू पाळन्यात बसनार व्हय?" पुढे चोवीस जत्रा तशाच गेल्या. नवरा कायमचा घरी आला तोवर अक्का सासू झाल्या होत्या, आणि गावात सुनेसमोर पाळण्यात कसं बसायचं हा नवा प्रश्न उभा राहिला. मग कधीतरी मुलाच्या मोबाईलवर त्यांनी पुण्यापलीकडच्या, घाटाखालच्या एका मोठ्या पार्कातला पाळणा पाहिला. तिथे ओळखीचं कोणी नसणार. त्यातच डॉक्टरांनी सांगितलं की दिवाळी झाली की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करू, पण पुढे जिने आणि चढउतार जपूनच. म्हणजे पाळणा गाठायचा तर दिवाळीच्या आत, नाहीतर राहिलाच.

साडू लगेच तयार झाले. प्रवेशाचं तिकीटही त्यांना जड वाटलं नाही. अडलं ते शिदोरीपाशी. बाहेरचं अन्न पार्कात न्यायला बंदी होती. आत खायचं तर दोन वाटा: प्रत्येक वेळी रोख मोजायचे, किंवा आधीच माणशी सातशे रुपये भरून मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा आणि सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा-फराळ हवा तितका खायचा. रोखीने तेच साडेसातशेला पडत होतं. तिन्ही वेळा खाल्लं तर माणशी पन्नास वाचणार, आणि संध्याकाळचा दीडशेचा फराळ चुकवला तर उलट शंभर जाणार. आम्ही चौघे जाणार होतो, दोघी बहिणी आणि दोघे साडू. दोनशे रुपयांच्या या प्रश्नावर साडूंनी पुढचे दोन महिने विचार केला.

पार्कच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "ताई, ह्यात अमर्याद लिवलंय. अमर्याद म्हंजे किती?"

"सर, कितीही खाऊ शकता."

"ते कळलं. तरी पन एका मान्साला अंदाजे?"

"सर, लिमिटच नाहीये."

"आसं कसं? कुनीतरी आत सामान भरत आसंल का न्हाई? त्यो काय धरून भरतोय?"

मुलीने फोन तिच्या साहेबाकडे दिला. साहेबांशी साडू पाऊण तास बोलले, आणि शेवटी साहेबांनीच त्यांना विचारलं म्हणे, की श्रीखंड उरतं त्याला काय करावं.

मग एका रविवारी त्यांनी घरी रंगीत तालीम घेतली. दहाला नाश्ता, एकला जेवण, पाचला फराळ, ताटं आधी आणि नंतर तोलून. स्वतः ते पास झाले. अक्काही झाल्या, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना सगळ्यांबरोबर बसवलं गेलं आणि तीनदा वाढलं गेलं. अडसर मी होतो. पाऊण माणूस पाच वाजता फराळ करील का, यावर सगळं गणित टेकलं होतं. ते अक्कांना घेऊन दोन दिवसांसाठी मुद्दाम मलकापूरला आले. पाच वाजले की माझ्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसायचे.

"साडू, सांच्याला पाचला तुमाला भूक लागती का? खरं सांगा."

"नाही हो. चहा पुरतो."

"पुस्तक मिटा. आता बघा, लागती का?"

दुसऱ्या दिवशी मी कंटाळून म्हणालो, "लागते." त्यांनी माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. विश्वास बसला नव्हता, पण आतल्या दारात अक्का उभ्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. साडूंनी तिकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं. लागती म्हनत्यात तर लागत आसंल. भरतो पैसं." गर्दी कमी असावी म्हणून त्यांनी मंगळवार धरला.

पहाटे चारला जीप निघाली आणि दहाच्या ठोक्याला आम्ही पट्टे बांधून नाश्त्याच्या दारात उभे होतो. आत इडल्या, वडे, पोहे, शिरा यांचे ढीग होते आणि माणूस कुणी नव्हता. साडूंना हे विलक्षण शुभ वाटलं. "चला, घ्या ताटं," ते म्हणाले. दोघी बहिणी जागच्या हलल्या नाहीत. माझी बायको छताकडे पाहू लागली. अक्का हळूच म्हणाल्या, "आवं, आज अंगारकी हाय."

मी त्यांचा चेहरा कधी विसरणार नाही. दोनशे जवानांचं राशन चोवीस वर्षं एकदाही न चुकलेला माणूस आपल्याच घरातला उपास विसरला होता. मंगळवार धरला, तिथी पाहिलीच नाही. दोन पट्टे, चौदाशे रुपये, चंद्र उगवेपर्यंत निकामी. साबुदाण्याच्या खिचडीचा गाळा वेगळा होता, तो पट्ट्यात बसत नव्हता, आणि साऱ्या पार्कातली गर्दी तिथेच उभी होती. साडूंनी चारी मनगटांवरचे पट्टे एकदा पाहून घेतले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, आघाडीवर पाठवताना ठेवतात तसा, म्हणाले, "साडू, आता सगळं तुमच्यावर हाय."

मी खाल्लं. वडे खाल्ले, शिरा खाल्ला. ते समोर बसून बोटांवर मोजत होते, "ह्यो आमच्या हिच्या वाटचा. ह्यो तुमच्या हिच्या." जेवणाच्या वेळी त्यांनी स्वतःचं ताटही शीगोशीग भरलं. जिलेबी, बटाट्याची भाजी, पुऱ्या. वळले, तर पलीकडे कट्ट्यावर अक्का दोन केळी पदरात घेऊन बसल्या होत्या; माझी बायको पाणी आणायला गेली होती. साडू ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग ते ताट त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "ह्ये बी बघा तुमी," म्हणाले, आणि खिचडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने रोख मोजून तीन द्रोण घेऊन आले. उपास त्यांनी आयुष्यात केला नव्हता. साबुदाण्याचं त्यांना वावडंच होतं. अक्का म्हणाल्या, "तुमचं पैसं भरल्यालं हायत न्हवं? तिकडं जेवा की." ते खिचडीत चमचा फिरवत म्हणाले, "चोवीस वर्सं दोनशे जनांत जेवलो. तू एकलीच जेवत हुतीस. गप खा."

अक्का पाळण्यात बसल्या तेव्हा पाच वाजायला आले होते. मला तर पाळण्यापर्यंत चढण्याचीही ताकद नव्हती, मी खालून पाहत होतो. साडू त्यांच्या शेजारी बसले, दोन्ही हातांनी दांडी धरून, परेडला उभे राहावेत तसे ताठ. पाळणा चढत गेला. अक्कांनी डोक्यावरचा पदर सोडून दिला होता आणि तो वाऱ्यावर मागे उडत होता. पासष्ट वर्षांच्या बाईच्या गळ्यातून येईल असं वाटणार नाही इतकं मोकळं हसू वरून खाली येत होतं. अगदी टोकाला पाळणा क्षणभर थांबला, आणि त्या उंचीवरून, साऱ्या पार्काला ऐकू जाईल अशा आवाजात हाक आली, "साडू! पाच वाजलं! फराळ!"

मी गेलो आणि दोन भजी खाल्ली.

परतताना साताऱ्याच्या अलीकडे चंद्र दिसला. जीप थांबली. अक्कांनी सीटखालून स्टीलचा डबा काढला, त्यात एकवीस मोदक होते. साडूंनी विचारलं, "ह्ये कवा केलंस?" अक्का म्हणाल्या, "पहाटं." ते मनात बेरीज करत होते. मग एक मोदक माझ्यापुढे धरून म्हणाले, "प्लॅन तोट्यात गेला, साडू. पर तुमी कमाल केली. आजपास्नं तुमी पुरं एक मानूस." आणि खरोखर, पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा अंगणातून हुकूम गेला तो सहा माणसांचा. मी पुरा झालो होतो, आणि मोजणीत अक्काही आल्या होत्या.

साडू जाऊन आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात आम्ही वडूजला जाऊन आलो. अक्का आता काठी घेऊन बऱ्या चालतात. चहा देताना त्या मला म्हणाल्या, "भावजी, एक सांगू का? अंगारकी हाय ते मला ठावं हुतं. क्यालेंडर चुलीसमोरच हाय की माझ्या. धाकटीला बी ठावं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तारीख हालली असती. मंग त्यांनी परत पैल्यापास्नं मोजाय घेतलं असतं. आन तुमी दुसऱ्यांदा खोटं बोलला असता का, काय सांगावं?" मग रिकामा कप उचलत म्हणाल्या, "त्यांना सांगायचं ऱ्हायलं बगा."

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. रोज थोडं लिहितो आणि पाच वाजले की थांबतो, कारण हल्ली पाचच्या सुमाराला पोटात काहीतरी हलतं. बायको न विचारता ताटलीत मूठभर चिवडा ठेवून जाते. समोर स्टूल असतं. मी पुस्तक मिटतो. लागते, साडू. आता खरं सांगतो, लागते.