बारा आणे फरक

रंगनाथतात्यांना कुठल्याही डॉक्टरने "कसं वाटतंय?" असं विचारलं, की ते आधी डॉक्टरचा चेहरा बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. डॉक्टर थकलेला दिसला तर फरक जास्त. "आठ आणे फरक हाय, सायेब," असं म्हणायचे, तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं असायचं. "त्यानं एवढा जीव लावून सुई टोचली, त्याला नाराज कावून करायचं?" हे त्यांचं म्हणणं.

कड्याजवळच्या आमच्या वस्तीवर ते राहायचे आणि दर साली दिवाळीनंतर कौसाकाकूंबरोबर ऊस तोडायला जायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. गेल्या हंगामात तात्या भरल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडले. कमरेतल्या मज्जातंतूंची मुळं चिरडली आणि डावं पाऊल लुळं पडलं. उचलायला गेलं की नुसतं लोंबायचं. आपल्यामुळे कोयता अर्धा झाला, ही एकच गोष्ट त्यांना खात होती.

पुण्याच्या एका दवाखान्यात मूळपेशींचा प्रयोग चालू होता. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करून मणक्यात दुखावलेल्या मुळांपाशी सोडायच्या. गुण येईलच असं नाही, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी शाळामास्तर, म्हणून ते वाचून दाखवलं मी आणि साक्षीदाराची सहीही माझीच. तात्यांनी मात्र वस्तीला आपल्या पद्धतीने समजावलं. "बेणं घरचं, रान बी घरचंच. उगवायला काय झालं?" पेशी सोडून घेऊन परत आल्यावर त्यांच्या पाठीमागून कुणाला जायची सोय राहिली नाही. नवी लावण तुडवली जाते म्हणून ओरडायचे. लोकही बिचारे वळसा घालून जायचे.

दर महिन्याला पुण्याहून प्रयोगाच्या डॉक्टरबाईंचा फोन यायचा. वयाने लहान पोरगी, आवाजात नुसती आशा. तात्या फोन कानाला लावून पायाकडे बघायचे. पाऊल तसूभर हलत नसे. "चार आणे फरक हाय, बाई." पुढे आठ झाले, मग बारा. बाईंना टक्के हवे असायचे, तेव्हा हिशेब करून पंचाहत्तर मीच सांगितले. मलाही त्या पोरीचा हिरमोड करवेना. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी, सहाव्या महिन्यात, बाई स्वतःच तपासायला आल्या. तात्या त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मोजे घालून बाजेवर बसले होते. डाव्या अंगठ्याला सुतळी बांधलेली होती. मोज्याच्या भोकातून निघून, धोतराच्या आतून वर येऊन ती बंडीच्या खिशात गेली होती. बाई मोजा काढायला वाकल्या तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कवळ्या उगवणीला वारं लागतंय."

"बरं. पाऊल वर उचला, तात्या."

खिशातला हात हलला. पाऊल वर आलं. वस्तीने टाळ्या वाजवल्या आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"धर्मापुरीची एक बाई आहे," त्या म्हणाल्या. "दोन लेकरांची आई. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. मणक्यावरचा दाब काढायचं ऑपरेशन ठरलंय, पण तुमचं ऐकल्यापासून ती नकोच म्हणते. मला तात्यांसारखंच करा म्हणते. तुमचे आजचे आकडे तिला दाखवणार आहे."

तात्यांचं पाऊल हवेत तसंच होतं. मग त्यांनी खिशातून हात बाहेर काढला आणि पाऊल धप्पकन खाली पडलं. सुतळीचं टोक बाईंच्या हातात देत म्हणाले, "एक पैचाबी फरक न्हाई. त्या बाईचं आप्रेशन थांबवू नगा."

"मग इतके महिने खोटं का सांगितलंत?"

"तुमी लई आशेनं इचारायच्या. आन् फोनवरचं हिलाबी ऐकू जायचं." त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे कौसाकाकू उभ्या होत्या. तात्या मान खाली घालून रडायला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

बाईंनी कागदावरचे पंचाहत्तर खोडून शून्य लिहिलं. खाली मी पुन्हा सही केली.

काकू पुढे आल्या आणि खाली बसून अंगठ्याची गाठ सोडवू लागल्या. "टोळीच्या मुकादमाला म्या सांगून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "ह्ये बसून मोळ्या बांधतेल. चार आणे म्हनले, त्याच दिशी वळखलं आन् सांगितलं."