लाल ठिपक्याची बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगायचं म्हणून दोन-तीनदा बसलो, आणि दर वेळी भलत्याच विषयावर बोलून उठलो. म्हटलं तर एका लॅपटॉपची गोष्ट आहे. नुसती तेवढीच असती, तर कधीच हसत हसत सांगून मोकळा झालो असतो.

भूकंपानंतर काही वर्षांनी लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हा मी त्यातल्या एकात फिजिक्स शिकवायचो. ट्रान्सफॉर्मर हा माझा हातखंडा धडा. डोळे मिटून फळ्यावर आकृती काढायचो. आज त्याच गोष्टीची सगळ्यात जास्त चीड येते.

आमच्या संचालकांच्या मेहुण्यानं अमेरिकेहून लॅपटॉप आणला. लातुरातल्या क्लासमधला पहिला, अशी जाहिरात छापायची होती. मेहुणा जाताना बजावून गेला — तिकडे एकशे दहा व्होल्ट असतात, जपून लावा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? चार्जर उलटा करून त्याच्या पाठीवरचं बारीक छापलेलं वाचायचं. बस, एवढंच. शंभर ते दोनशे चाळीस, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. नुसती पिन बदलली असती तरी आपल्या भिंतीवर चालला असता. पण वाचतो कोण? मी फिजिक्सचा सर ना! ठणकावून सांगितलं — ट्रान्सफॉर्मर लागेल.

काम रशीदभाईंना दिलं. पंपा-पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. क्लासचे पंखे, होस्टेलांचे पंप, सगळं त्यांच्याकडे. भूकंपानंतर निलंग्याकडे आमचं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं, तेव्हा तिथलं वायरिंगही त्यांनीच केलेलं. आमच्या शेडमधला पहिला दिवा त्यांच्या हातचा. हे मला माहीत होतं — तरीही पुढचं केलं, म्हणून सांगतोय.

त्यांनी एका जुन्या लोखंडी पेटीत ट्रान्सफॉर्मर बसवून आणला. दोन्ही बाजूंना सारख्याच वायरी निघालेल्या. एका बाजूला लाल ऑइलपेंटचा ठिपका.

"सर, ठिपक्याची बाजू भिंतीकडं. पर मी आल्याबिगर लावू नका. दसऱ्याला येऊन मीच जोडतो."

दसऱ्याला आम्ही टेबलावर पुस्तकं, खडू, लॅपटॉप, ती पेटी, सगळं मांडून पूजा केली. झेंडूची फुलं वाहिली. पेटीला दोन्हीकडून कुंकवाची बोटं मीच ओढली. रशीदभाईंचा पत्ता नव्हता. कुठल्याशा दवाखान्याचा पंप जळाला, म्हणून तिकडे अडकले होते. अकराला लाइट जाणार. संचालक सारखे घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, तुमचाच विषय हाय. लावा की तुम्हीच."

लावला. लाल दिसलं त्या बाजूला पिन जोडली आणि बटण दाबलं. पेटी गुरगुरली, चार्जरमधून फट्कन आवाज झाला, आणि झेंडूच्या वासात जळका वास मिसळला. लॅपटॉप पुन्हा कधी सुरू झाला नाही.

संचालक तणतणत फोन करायला गेले, बाकीचे त्यांच्यामागे. खोलीत मी एकटा. रुमालानं पेटी पुसली. माझ्या बाजूचं लाल पुसून निघालं — ते कुंकू होतं. दुसऱ्या बाजूचं निघेना. पेटी मी उलटी जोडली होती. निम्मे व्हायचे ते व्होल्ट दुप्पट झाले होते. आणि हे मी रोज तीन बॅचना शिकवत होतो!

इथवरचं मूर्खपणाचं. मूर्खपणा कुणीही माफ करतं.

पण मग मी ड्रॉवर उघडला. पेन्सिली तासायचं ब्लेड काढलं — आणि तो ठिपका खरवडून टाकला. दोन मिनिटं लागली असतील. भुकटी फुंकली. पेटीवर आधीच शंभर ओरखडे होते, त्यात हे खपून गेलं.

रशीदभाई आले, तेव्हा सगळ्यांसमोर मीच आवाज चढवला. खूणच केलेली नाही तुम्ही, कळणार कसं? ते पेटी घेऊन खिडकीशी गेले. उलटीपालटी केली. अंगठ्यानं चाचपली.

"केला व्हता सर ठिपका," ते म्हणाले. मग थांबले. "...केला व्हता ना?"

ते मलाच विचारत होते. संशयानं नाही, भरवशानं. मी सर होतो. मी हो म्हटलं असतं तर हो, नाही म्हटलं तर नाही. मी नाही म्हटलं.

त्यांना मिळणारं क्लासचं काम बंद झालं, मग होस्टेलांचं. पण त्यापेक्षा वाईट झालं ते वेगळंच. त्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. भरलेली मोटार पुन्हा उकलून बघायचे, म्हणे. वर्षभरात दुकान बंद करून ते नांदेडला जावयाकडे गेले. हे सगळं मला कळत होतं. त्यांचं दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. गेलो का? नाही.

पुढे किती तरी वर्षांनी एका लग्नासाठी नांदेडला गेलो, तेव्हा गाठ पडली. जावयाच्या दुकानात स्टुलावर बसून तयार बटणं आणि होल्डर विकत होते. मला बघून उठले, चहा मागवला. जावयाला म्हणाले, हे आमचे सर. मग माझ्याकडे वळले.

"बरं झालं सर, तुम्ही येळेवर दाखवून दिलं. माझा हात भरवशाचा राहिला न्हवता. उद्या कुणाच्या घरात माणूस मेलं असतं, तर अल्लाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"वय होतं, रशीदभाई," मी म्हणालो. "चालायचंच."