दाखल्यावरची तारीख

विद्यापीठाच्या एका विभागात दर रविवारी सकाळी दहा ते एक मी टेबल मांडून बसत असे. सरकारी सेवेत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगायचं, की कोणती पदं असतात, त्या पदावरचा माणूस सोमवारी सकाळी कचेरीत जाऊन नेमकं काय करतो, आणि कोणत्या परीक्षेला कितव्या वर्षापर्यंत बसता येतं. मी सरकारी सांख्यिकी शाखेत नोकरीला. विभागप्रमुखांनी विचारलं, मी हो म्हणालो. मानधन नव्हतं, चहा होता.

शेजारच्याच इमारतीत तेव्हा संगणक कंपन्या मुलाखती घेत आणि संध्याकाळपर्यंत निवडलेल्यांच्या याद्या लावत. माझ्यासमोरची मुलं एक कान तिकडे ठेवूनच बसत. एकानं विचारलं, "सर, तुमच्याकडे जॉइनिंगला किती दिवस लागतात?"

"जाहिरातीपासून धरलं तर दोन वर्षं. तेवढ्यात तुझं लग्नही होऊन जाईल."

"तिकडे सोमवारीच बोलावलंय," असं म्हणून तो उठून गेला. चहा अर्धाच प्यायला होता.

उरलेल्यांसाठी मी एक रजिस्टर केलं. नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात कोणत्या पदासाठी किती संधी शिल्लक, हे मी काढून लिहायचो. पहिल्या चौतीस जणांची माहिती भरली तेव्हा त्यातल्या अकरा जणांची जन्मतारीख एक जून निघाली. मला ते सहन होईना. आमच्या शाखेत पाहणीला गेलं की माणूस सांगेल ते वय लिहून घ्यायचं नाही, असा दंडक. कोणता सण होता, पेरणी झाली होती का, थोरला भाऊ किती मोठा, असं विचारत खऱ्या वयाशी पोचायचं. वीस वर्षं हेच केलेलं.

"अकरा आयांना एकच दिवस सापडला का?" मी वर्गात विचारलं.

मागून एक मुलगी म्हणाली, "शाळा जूनमध्ये उघडते ना सर. गुरुजी त्याच दिवशी जन्माला घालतात."

सगळे हसले. ही वाशिमकडची. दोन वर्षं गावाकडे शिकवून मग एमएस्सीला आलेली. तिला फौजदार व्हायचं होतं. रोज सकाळी मैदानावर धावायची, आणि टेबलाशी येताना बुटांची माती दारात झटकून यायची. इतर पदांपेक्षा या पदाची वयोमर्यादा कमी, म्हणून तिची तारीख मी जास्त काळजीनं काढली. माय सांगते भाऊबीजेचा जन्म, असं ती म्हणाली. मी घरी जुनं पंचांग उघडलं. तेरा नोव्हेंबर. एक जून लाल शाईनं खोडली आणि वर तेरा नोव्हेंबर लिहिली.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी ती घाईत आली. कंपनीनं तिला निवडलं होतं, जुलैत रुजू व्हायचं होतं. "सर, यंदा परीक्षेला बसू की नोकरी धरू? दोन्ही एका वेळी झेपणार नाही. घरी पण माझ्याकडंच पाहतात."

मी रजिस्टर उघडलं. पुढच्या वर्षी वय मोजायच्या तारखेला तिच्या हातात दोन महिने बारा दिवस उरत होते. मी म्हणालो, "यंदा नोकरी धर, घडी बसव. पुढच्या वर्षी बस. संधी आहे."

"नक्की?"

"मी दोनदा मोजलंय."

तिचा चेहरा मोकळा झाला. मलाही बरं वाटलं.

एकतीस मेला आमच्या कचेरीत दरवर्षी निरोपसमारंभांची गर्दी असते. त्या वर्षी तिघं निवृत्त होत होते. त्यातल्या एका शिपायाला नारळ देताना मी म्हटलं, "सुटलात एकदाचे."

"कसला सुटतो, साहेब? माझा जन्म दिवाळीतला. अजून पाच महिने बाकी हायेत. पण दाखला म्हणतो एक जून, म्हंजे आज उठायचं."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. तिघांचीही जन्मतारीख एक जून होती. वीस वर्षं मी हे समारंभ बघत आलो होतो. सरकारला माणसाचा दाखला ठाऊक असतो, आईची भाऊबीज नाही. सरकारी नोकरीची वाट सांगायला बसलेल्या मी त्या वाशिमच्या मुलीची तारीख जनगणना करावी तशी सुधारून ठेवली होती. दाखल्याप्रमाणे पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेच्या तीन महिने पुढे जाऊन ती बाद होत होती. म्हणजे यंदाचीच संधी शेवटची, आणि अर्जाची मुदत चार जूनला संपत होती.

तो शुक्रवार होता. घरी शनिवार पेठेत पोचलो, जेवणावर लक्ष लागेना. पुन्हा पुन्हा बोटांवर मोजत होतो, आणि दर वेळी तेच येत होतं. बायको म्हणाली, "अहो, मोजून काय होणार? जा आणि सांगा तिला."

शनिवारी वसतिगृहावर गेलो. परीक्षा संपून खोल्या रिकाम्या झालेल्या. पहारेकरी म्हणाला, "पोरी गेल्या साहेब, आता जुलैत या." विभागातल्या लिपिकानं तिच्या गावच्या शेजाऱ्यांचा फोन काढून दिला. त्या शेजाऱ्यांनी तिच्या भावाला बोलावून आणेपर्यंत मी पीसीओच्या खोक्यात उभा. भावानं सांगितलं, कोथरूडला मैत्रिणींबरोबर खोली घेतलीय. सोसायटीचं नाव अर्धवट. वाटेत पोस्टातून कोरा अर्ज विकत घेतला.

कोथरूडमध्ये त्या अर्ध्या नावाच्या चार सोसायट्या निघाल्या. रविवारी सकाळी तिसऱ्या सोसायटीच्या फाटकातून ती भाजीची पिशवी घेऊन आत शिरताना दिसली.

"सर? तुम्ही इकडं?"

स्कूटर स्टँडवर लावायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"म्हणजे यंदाचीच शेवटची?"

"हो."

"आणि फेब्रुवारीत तुम्ही म्हणाले..."

"चुकलो. पूर्णपणे माझी चूक."

"पुस्तकं मी ज्युनियरला देऊन टाकली, सर. धावणं पण सोडलं." मग म्हणाली, "शाळेत घ्यायला वय भरत नव्हतं, म्हणून गुरुजींनी पाच महिने वाढवले. तुम्ही ते कमी केले. मला कोणी विचारलंच नाही."

मी अर्ज पुढे केला. तिनं विचारलं, "मग नोकरी सोडू का? तुमचा आकडा काय म्हणतो?"

"माझ्या आकड्यावर तू एकदा गेलीस. आता विचारू नकोस."

ती जरा हसली. पिशवी खाली ठेवली आणि स्कूटरच्या सीटवरच अर्ज भरायला लागली. जन्मतारखेच्या चौकोनांपाशी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दाबून लिहिलं. एक जून. सोमवारी साक्षांकित प्रती झाल्या, मंगळवारी दुपारी अर्ज दाखल झाला. पोचपावती तिनं मला दाखवली, मी ती दोनदा वाचली.

नोकरी तिनं सोडली नाही. दिवसा प्रशिक्षण, पहाटे अभ्यास, ज्युनियरकडून पुस्तकं उसनी. पूर्वपरीक्षा निघाली. मुख्य परीक्षेत नऊ गुणांनी राहिली. फोन तिनंच केला.

"राहिलं सर. नऊ मार्क."

"अरेरे," मी म्हणालो.

"तुम्ही टेबलावर बसता ना अजून?"

"बसतो."

"बसा. पण तारीख दाखल्यावरची घ्या."

त्या दिवशी मी कागद घेतला. फेब्रुवारीतला तो रविवार ते कोथरूडचा रविवार, पंधरा आठवडे. एकशेपाच दिवस. भागिले नऊ. बारा दिवसांना एक गुण पुरेसा होता, नेमकं सांगायचं तर दिवस बाराहून थोडे कमीच. बायकोनं मागून वाचलं.

"अहो, त्या पंधरा आठवड्यांत तिनं नऊ गुण मिळवलेच असते, असं कुणी सांगितलं?"

"मिळवले नसते, असंही कुणी सांगितलेलं नाही."

तिनं कागद काढून घेतला नाही. माझ्याच्यानं तो फाडवला नाही. अजून जुन्या रजिस्टरात आहे.

पुढच्या रविवारी गेलो. नव्या रजिस्टरात जन्मतारखेचा एकच रकाना आखला. पहिलाच विद्यार्थी समोर बसला, तारीख विचारली तर हसत म्हणाला, "एक जून. पण सर, खरी तारीख वेगळी आहे."

"असू दे," मी म्हटलं. "दाखला काढ."